मातीखालचं एक्स्चेंज

पालम, जि. परभणी
८ जानेवारी १९९२

प्रिय पंडित,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू येईल की नाही, सांगता येत नाही. तेरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही मी. पत्ता परवा सितारामनं दिला. तुझा हा चुलतभाऊ परभणी-पालम गाडीवर कंडक्टर आहे आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी त्याच गाडीनं सामान आणायला जातो. पण तिकिटापलीकडं आमचं बोलणं नसतं. परवा मी तुझा पत्ता मागितला तर तो तसाच पुढं गेला. पुढच्या चार-पाच माणसांची तिकिटं फाडून परत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "दादाकडं काय काम हाय?" मी म्हटलं, पत्र टाकायचंय. तो म्हणाला, "टाकायचं तर नीट टाका. उगी खुशालीचं टाकू नका." मग तिकिटाच्या मागं नांदेडच्या टेलिफोन ऑफिसचा पत्ता लिहून दिला. तू अजून तारांच्याच कामावर आहेस हे वाचून बरं वाटलं.

तरी खुशालीपासूनच सुरुवात करतो, हात तिथूनच चालू होतो. उमादेवी, तुझी वैनी, गेली. दोन वर्षं झाली, श्रावणात. पोटाचं दुखणं होतं, तिनं फार दिवस अंगावर काढलं. आई तर ब्याऐंशीलाच गेली. मुलगी सेलूला दिली आहे. जावई जिनिंगमध्ये आहे, माणूस चांगला आहे, पण दोन दिवसांच्या वर मी त्यांच्याकडं राहत नाही. गावातलं घर बंद करून पालमच्या बाजारात खोली घेतली. पुढं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागं अंथरूण आणि स्टो. आता लोक टीव्ही घ्यायला लागलेत. रेडिओ दुरुस्तीला आणून टाकतात आणि न्यायला येत नाहीत. माझ्या फळीवर असे कितीतरी पडून आहेत, सगळे चालू. संध्याकाळी त्यातला एखादा लावतो, तेवढंच कुणीतरी घरात बोलतंय असं वाटतं. भाकरी करायला शिकलो. कडा चिरतात, पण पोटात जाते. एकटा माणूस किती कमी बोलतो हे मला आधी ठाऊक नव्हतं. मागं एकदा दवाखान्यात नाव विचारलं, तर ते सांगायला घसा खाकरावा लागला. दिवसातला तो पहिला शब्द होता आणि दुपार झाली होती.

नोव्हेंबरात आपल्या जुन्या युनिटचं पाकीट आलं. लढाईला वीस वर्षं होत होती. सरहद्दीवरचा आपला तो जमिनीखालचा बंकर, सगळ्या ब्रिगेडचे हुकूम जिथून सुटायचे तो, उपसून, दुरुस्त करून लोकांना बघायला खुला करणार होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात तिथं ड्युटीवर असलेल्या माणसांना बोलावणं होतं. तुझंही पाकीट निघालं असणार, पण ते आपल्या गावच्या पत्त्यावर. त्या पत्त्यावर आता घर नाही. मला जायची फारशी इच्छा नव्हती. पण दुकान आठ दिवस बंद ठेवलं तरी कुणाचं अडणार नव्हतं, म्हणून गेलो.

परभणीहून छोट्या गाडीत बसलो. मानवत रोड गेलं, सेलूला मुलगी डबा घेऊन स्टेशनवर आली होती. गाडी हलली आणि तो डबा मांडीवर घेऊन मी बसलो तेव्हा मला एकसष्ट साल आठवलं. आपण अठरा वर्षांचे होतो, भरती होऊन जबलपूरला निघालो होतो. तुझी आई तानुबाई काही वाट पायी, काही वाट कुणाच्या तरी बैलगाडीत बसून परभणीपर्यंत सोडायला आली होती. माझ्या घरचं कुणी आलं नव्हतं. तुझ्या संगतीनं भरती झालो म्हणून आई बोलत नव्हती. गाडी सुटताना तानुबाईनं खिडकीतून दोन फडकी आत दिली, एक तुला, एक मला. ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा. मी ते फडकं मांडीवर ठेवलं आणि गाडीच्या डब्यात आपल्याकडचं कुणी आहे का ते बघितलं. मनमाडपर्यंत भूक नाही म्हणालो. मनमाडला तू न बोलता भाकरी मोडून माझ्या हातात दिलीस आणि मी खाल्ली. पुढं पंधरा वर्षं आपण एका ताटात जेवलो. पण ती पहिली भाकरी मी खिडकीकडं तोंड करून खाल्ली, हे तुला दिसलं असणार. तू कधी बोलून दाखवलं नाहीस.

बंकर मला ओळखूच आला नाही. आपण मातीच्या उतारावरून घसरत खाली जायचो तिथं आता सिमेंटच्या पायऱ्या आहेत, कठडा आहे, दोन्ही बाजूंना झेंडूची झाडं लावली आहेत. आत नळीचे दिवे. नकाशाच्या खोलीत मोठं टेबल, त्यावर रंगीत टाचण्या. ब्रिगेडियर साहेबांची खाट, तिच्यावर इस्त्री केलेली चादर. आपल्या वेळी त्या जागेला ओल्या पोत्यांचा, घामाचा, रॉकेलचा वास होता. आता ताज्या रंगाचा येतो. बाजूच्या एक्स्चेंजच्या खोलीला काच बसवली आहे आणि काचेमागं माझ्या स्टुलावर एक पुतळा बसवला आहे, माझ्यापेक्षा गोरा आणि मिशीवाला. त्यानं हेडफोन उलटा घातला होता. मी कुणाला तरी ते सांगणार होतो, मग राहू दिलं. काचेशेजारी हिंदीत पाटी होती: याच जागी तोफगोळ्यानं बंकरचं तोंड बुजल्यावर ऑपरेटर कल्याण राव यानं पाच तास एकट्यानं टेलिफोन चालू ठेवले. बस, एवढंच. मला बाहेर कुणी काढलं ते पाटीवर नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं, हा गडी आपला आपणच मातीतून वर आला.

ती सकाळ तुला वेगळी सांगायला नको, पण तू बाहेर होतास आणि मी आत, म्हणून आतलं थोडं सांगतो. साहेब लोक पहाटेच पुढच्या चौक्यांवर गेले होते, आत मी एकटाच. सातच्या सुमाराला गोळा पडला तेव्हा मोठा आवाज झालाच नाही. कुणीतरी छातीवर बसल्यासारखं झालं आणि उजेड गेला. बंकरच्या तोंडावरचे रेल्वेचे स्लीपर, पोती, माती, सगळं आत आलं. कंदील विझला. तारा मात्र पत्र्याच्या नळीतून यायच्या, त्या शाबूत होत्या. पुढच्या चौक्यांचे फोन येतच राहिले. मी अंधारात बोटांनी चाचपून कुठल्या नंबरची झडप पडली ते बघायचो आणि जोडून द्यायचो. साहेब लोक एकमेकांशी बोलत होते. मधला माणूस मातीखाली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते सांगायला मला सवडही नव्हती. मग एका लाइनवर खरखर झाली आणि तुझा आवाज आला. तू कुठंतरी तार सोलून तिला आपला लाइनमनचा फोन चिमट्यानं लावला होतास. म्हणालास, "कल्याण, हायस का रं?" मी म्हटलं, हाय. तू म्हणालास, "मंग लाइन सोडू नको. मी उकरायलोय." दर थोड्या वेळानं खणणं थांबवून तू लाइनवर यायचास, आपल्या गावच्या बोलीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळू नये. विचारायचास, "तुझ्या म्हशीचं नाव काय होतं? गावातल्या विहिरीला पायऱ्या किती?" मला झोप लागू नये म्हणून. हवा संपत आली होती, माझी जीभ जड झाली होती, पण पायऱ्या मी बरोबर मोजल्या. वर गोळे पडत होते आणि तू उघड्यावर होतास. बारा वाजता तुझा हात आत आला. त्या हाताची दोन बोटं स्लीपरखाली चेचली होती, ती पुढं कापावी लागली. पंडित, त्या पाच तासांत मला मरणाची फार भीती वाटली नाही. तू येणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

समारंभात एका तरुण मेजरनं माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात माइक दिला. मी मोडक्यातोडक्या हिंदीत हे सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं, तुझ्या गावाचं नाव घेतलं, बोटांचं सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. खाली उतरलो तेव्हा मेजर वही घेऊन आला. म्हणाला, पाटी बदलू, पंडितचं नाव वर घालू, त्यांचा फोटो द्या, कागद द्या, पदक असेल तर काचेत ठेवू. मी म्हटलं, फोटो, कागद, पदक, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं आणि ती पेटी घराबरोबर जळाली. त्यानं विचारलं, "आग कैसे लगी?" मी म्हटलं, लगी. त्याला वाटलं चूल भडकली असेल. "बहुत अफ़सोस," म्हणाला. आणि मी मान हलवली.

नंतर दहा-दहा माणसं आत नेऊन, लोखंडी दार लावून, दिवे घालवून तोफांच्या आवाजाची टेप ऐकवायचे. लोकांना कळावं म्हणून. मीही एका टोळीबरोबर आत गेलो. आवाज खोटा होता, ढोलासारखा. बायका कानावर हात ठेवून हसत होत्या. मग टेप थांबली आणि काळोखात, बाहेरून कुणीतरी दार तीनदा वाजवलं. वेळ संपल्याची ती नुसती खूण होती. मी तिथंच खाली बसलो. शेजारच्या सरदारजींनी मला बगलेत धरलं, खुर्ची आणली, पाणी दिलं. सगळ्यांना वाटलं, बुढ्याला लढाई आठवली. कुणीतरी माझा फोटोसुद्धा काढला. मला लढाई आठवली नव्हती.

परतीच्या गाडीत दोन दिवस मी आपलं शहात्तर-अठ्ठ्याहत्तर आठवत बसलो. पेन्शनीवर आपण एकाच महिन्यात गावी आलो. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या घरी आलास, ओट्यावर बसलास आणि पाणी मागितलंस. आईनं वरून ओंजळीत पाणी ओतलं. तू ते प्यालास, तोंड पुसलंस आणि माझ्याकडं बघून हसलास, जणू तिचीच चूक तू सावरून घेत होतास. मी तांब्या आईच्या हातातून घ्यायला पाहिजे होता. मी भिंतीकडं बघत राहिलो. त्यानंतर तू ओट्यावर यायचास, पण पाणी कधी मागितलं नाहीस. आपण रेडिओ मधे ठेवून बातम्या ऐकायचो आणि मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय.

मग अठ्ठ्याहत्तरचा तो पावसाळा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आठवड्याभरात गावोगाव तुमच्या वस्त्यांना आगी लावायला लागले. आपल्या गावात ते होणार नाही असं मी तुला म्हटलं होतं, आदल्याच दिवशी. तू म्हणालास, "तू म्हणतूस तर न्हाई व्हणार." दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता धूर निघाला. पुढचं तू सोसलंस, मी ते सितारामकडून आणि इतरांकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं. तू तानुबाईला पाठीवर घेतलंस, कारण तिला चालवत नव्हतं. कस्तुराबाईनं तुमची लेकरं घेतली. आमच्या दारावरून तुम्ही ज्वारीच्या रानात शिरलात आणि भर पावसात, वढ्याच्या पाण्यातून, पालमपर्यंत चालत गेलात. पाचव्या दिवशी परभणीत तानुबाई गेली. तिच्या छातीत पाणी झालं होतं, असं म्हणतात. गावात तू परत पाय ठेवला नाहीस. तुझ्या घराच्या जागेवर अजून काळा दगड दिसतो आणि घाणेरी वाढली आहे.

दिवाळीनंतर तुझं कार्ड आलं. ते माझ्याजवळ आहे, पाठ आहे. तू लिहिलं होतंस: "आई गेली. तू त्या दिवशी गावात असतास तर ही वेळ आली नसती, हे मला ठाऊक आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. पोटापाण्याचं बघतो आणि कळवतो." मी ते कार्ड उमादेवीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तोंड माझं व्हतं. बोलणं तुमचं व्हतं." त्यावर अकरा वर्षं ती एक शब्द बोलली नाही, मरेपर्यंत. पण त्या दिवसापासून माझं ताट वाढून ती परसात जाऊन बसायची, माझं जेवण होईपर्यंत.

आता सिताराम म्हणाला तसं नीट लिहितो. त्या दिवशी मी पालमला गेलो नव्हतो. मी घरात होतो. तीन वाजता आमच्या भावकीतले दोघं येऊन सांगून गेले होते की, आज दार उघडशील तर तुझंही घर पेटेल. मी लष्करात पंधरा वर्षं काढलेला माणूस, आणि ज्यांच्याबरोबर लहानाचा मोठा झालो त्या दोघांना भ्यालो. तू दार वाजवलंस तेव्हा मी दारापासून दोन हातांवर उभा होतो. तू म्हणालास, "कल्याण, दार उघड, आईला चालवंना." तानुबाई तुझ्या पाठीवर खोकत होती, तेही ऐकू आलं. उमा कडीकडं निघाली. मी तिचा हात धरला, ओठांवर बोट ठेवलं आणि पालमच्या दिशेनं खूण केली. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग दाराला म्हणाली की ते पालमला गेलेत, घरी न्हाईत. गेल्या आठवड्यात मेजरचं पत्र आलं, तुझे कागद कसे जळाले ते लेखी द्या म्हणून. मी लिहून दिलं आहे, आग कुणी लावली ते, आणि मी कुठं होतो तेही. त्याची नक्कल सोबत आहे. पाटीवर तुझं नाव येईल. तुला बोलावतील, जायचं की नाही ते तू ठरव. माझं नाव काढा असं मी कळवलं आहे. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, आणि उत्तराची वाटही बघणार नाही. 'कल्याण गावात असता तर' एवढं एक तू गावातून बरोबर घेऊन गेलास आणि तेरा वर्षं सांभाळलंस, आणि तेच खोटं आहे. ते तुझ्याजवळ राहू देणं आता मला जमत नाही. उमेचं बोलणं तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "बरं वैनी. तुमी बायामाणसं एकट्या हायत, कडी घट लावून घ्या." कडी लावलेलीच होती, पंडित. मी लावली होती.

'तुझाच' लिहायचा हक्क मला नाही, पण दुसरं काही लिहिता येत नाही.

तुझाच,
कल्याण